वीट येईल, म्हणजे काय येईल?

वाचकांचे प्रश्न : मुले, चित्रपुस्तके आणि शब्दांचे खेळ

सारख्या उच्चाराच्या शब्दांवर किंवा एकाच शब्दाच्या दोन अर्थांवर बेतलेली गमतीदार चित्रपुस्तके मुलांबरोबर कशी वाचावीत, याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तर दिले आहे. पत्रांतील मूळ प्रश्न तेवढा संक्षेपाने छापला आहे.

प्रश्न १ : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. झाडाच्या फांद्यांना पुस्तकाची छापील पाने लटकलेली आहेत, असे चित्र असलेले एक पुस्तक मी त्याला मोठ्या हौसेने आणले. चित्र पाहून तो हसेल असे वाटले होते, पण तो रागावला आणि ‘हे चुकीचे चित्र आहे, झाडाला कागद नसतात’ असे म्हणून त्याने पुस्तक मिटले. मी ‘पान’ या शब्दाचे दोन्ही अर्थ समजावून सांगितले, तरीही त्याला गंमत वाटली नाही. त्याची समज कमी आहे, की मीच घाई केली?

उत्तर : त्याची समज मुळीच कमी नाही. चित्रातली विसंगती त्याने नेमकी हेरली आहे आणि तिचे कारणही स्वतःच्या शब्दांत सांगितले आहे. शाब्दिक विनोदात काहीतरी बिनसले आहे हे आधी जाणवावे लागते, आणि जे बिनसले ते शब्दाच्या दुसऱ्या अर्थाने जुळते हे नंतर उमगावे लागते. पहिल्या टप्प्यावर तो कोणाच्याही मदतीविना पोहोचला. दुसऱ्यासाठी त्याला अजून काही महिने हवे आहेत.

तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनात शब्द आणि वस्तू यांची गाठ फार घट्ट बसलेली असते. ओळखीचा शब्द गोष्टीत अनोळखी अर्थाने आला, तर या वयाची पुष्कळ मुले गोष्टीचा संदर्भ बाजूला ठेवून ओळखीच्याच वस्तूच्या चित्रावर बोट ठेवतात, असे मुलांच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्यांना आढळले आहे. एकाच शब्दाने दोन निराळ्या गोष्टी सांगता येतात हे साधारण ४ ते ५ या वयात कळू लागते, आणि आपल्याला जे ठाऊक आहे ते समोरच्याला ठाऊक असेलच असे नाही, ही जाणीवही मुलांना जवळपास त्याच सुमारास येते. हे दोन्ही एकाच वेळी घडते याचे मला नवल वाटत नाही, कारण कोटी कळण्यासाठी बोलणाऱ्याच्या मनात एक अर्थ आहे आणि ऐकणाऱ्याच्या मनात दुसरा, हे दोन्ही एकदम धरून ठेवावे लागतात. शब्दांच्या अर्थावर बेतलेली कोडी मुले मनापासून उपभोगतात ती बहुधा ६ ते ८ या वयात. शब्द मध्येच तोडून किंवा वाक्याची रचना फिरवून केलेला विनोद त्याहूनही उशिरा, दहा-बारा वर्षांच्या सुमारास, नीट पचतो.

तेव्हा पुस्तक ठेवून द्या, पण हाताला लागेल अशा ठिकाणी ठेवा. आपण अर्थ समजावून सांगितले, तेवढे मात्र पुढच्या खेपेस टाळावे असे मी सुचवीन. मोठ्यांनी सांगितलेला दुसरा अर्थ मूल ऐकून घेते, पण तो त्याला स्वतःला सापडलेला नसल्यामुळे त्याला त्याचे हसू येत नाही. त्याऐवजी त्याचा आक्षेप मान्य करावा. ‘खरेच, झाडाला कागद कसे असतील? मग झाडाला काय असते?’ असे विचारले की तो ‘पाने’ असे उत्तर देईल. मग काही वेळाने, अगदी सहज, ‘या पुस्तकाला किती पाने आहेत, मोजू या का?’ एवढेच म्हणून थांबावे. दोन्ही वाक्यांत एकच शब्द आला हे त्याच्या लक्षात येते की नाही, याची परीक्षा घेऊ नये. एके दिवशी तोच ते पुस्तक घेऊन येईल आणि आपल्याला समजावून सांगेल, आणि त्या वेळी आपण ते पहिल्यांदाच ऐकत आहोत अशा उत्सुकतेने ऐकावे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पाचव्या वर्षाच्या आसपास मुले स्वतः कोडी रचू लागतात आणि त्यांतल्या बहुतेकांना काही अर्थ नसतो. कोड्याची चाल त्यांना सापडलेली असते, आतली गोम सापडलेली नसते. अशा वेळी खोटे हसू नये आणि चूकही काढू नये, ‘ते कसे?’ एवढे मनापासून विचारावे. आपल्या कोड्याला उत्तर असावे लागते, हे मुलाला त्या प्रश्नातूनच हळूहळू कळते.

प्रश्न २ : मी दुसरीच्या वर्गाला मराठी शिकवते. ‘समोच्चारी शब्द’ या घटकासाठी मी फळ्यावर जोड्या लिहून देते. मुले त्या पाठ करतात आणि आठवड्याने विसरतात. चित्रपुस्तकांचा उपयोग करावा असे वाटते, पण नेमकी सुरुवात कोठून करावी हे कळत नाही.

उत्तर : आपण ज्यांना एका नावाखाली शिकवता, ते शब्द प्रत्यक्षात तीन प्रकारचे आहेत, आणि प्रत्येकाला चित्राची मदत निराळ्या रीतीने होते. काही शब्द उच्चाराने आणि लेखनानेही सारखे असतात; पान, कर, अंक, पात्र, तीर हे सारे त्यातले. काही उच्चाराने सारखे, पण लेखनाने वेगळे असतात. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘शिर’ आणि ‘शीर’, ‘सुत’ आणि ‘सूत’ या त्या जोड्या. शब्दाच्या शेवटच्या अक्षराआधीचा इकार किंवा उकार आपण बोलताना लांबवतोच, म्हणून कानाला या जोड्यांतला फरक कळत नाही. तिसरा प्रकार याच्या उलट आहे, आणि पुस्तकांत त्याची दखल क्वचितच घेतली जाते. मराठीत ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार असल्यामुळे काही शब्द लिहिताना एकच दिसतात आणि ऐकताना वेगळे होतात. ‘जरा थांब’ यातला ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’, किंवा ‘चार मुले’ यातला ‘चार’ आणि ‘गाईला चार’ यातला ‘चार’, हे मोठ्याने वाचून पाहावेत. यांची गंमत मुकाट्याने वाचणाऱ्यालाच कळते. वर्गात मोठ्याने वाचल्याबरोबर ती संपते. म्हणून दुसरीसाठी सुरुवात पहिल्या प्रकाराने करावी.

या पहिल्या प्रकारातही मराठीची स्वतःची अशी एक खुबी आहे, आणि मला वाटते, आपल्या वर्गाचे सारे काम तिच्यावर उभे राहू शकेल. आपल्या अनेक जोड्या लिंगाने वेगळ्या होतात. ती वीट भिंतीतली आणि तो वीट कंटाळ्याचा. ती नाव पाण्यावरची आणि ते नाव आपले प्रत्येकाचे. ती पाठ शरीराची आणि तो पाठ पुस्तकातला. ती खोड वाईट सवयीची आणि ते खोड झाडाचे. ती हार पराभवाची आणि तो हार फुलांचा. त्यामुळे सोबत विशेषण किंवा भूतकाळी क्रियापद आले की कोटी तेथेच फुटते. ‘नाव बुडाली’ म्हटले की होडी, ‘नाव बुडाले’ म्हटले की लौकिक; मध्ये संशयाला जागाच उरत नाही. भविष्यकाळाचे क्रियापद मात्र लिंगानुसार बदलत नाही. ‘नाव बुडेल’, ‘वीट येईल’, ‘हार मिळेल’, ‘खोड मोडेल’ ही वाक्ये वाचा. प्रत्येकात दोन्ही अर्थ जिवंत आहेत.

चित्रपुस्तकाजवळ पान उलटण्याची सोय असते आणि फळ्याजवळ ती नसते. या सोयीचा उपयोग येथे होतो. उजव्या हाताच्या पानावर ‘आता वीट येईल!’ एवढेच वाक्य असावे आणि चित्रात तेच ते काम करून कंटाळलेला एक मुलगा दाखवावा. वर्गाला विचारावे, पान उलटल्यावर काय दिसेल? मुले सांगतील, मुलगा काम टाकून जाईल. पान उलटले की आभाळातून दोरीने एक भलीमोठी वीट खाली येत आहे आणि मजकूर आहे, ‘वीट आली.’ त्यापुढच्या पानावर त्याच विटेवर बसून मुलगा जांभई देत आहे, आणि मजकूर आहे, ‘वीट आला.’ एका ‘ली’ आणि ‘ला’ने सारे चित्र पालटले हे मुलांना येथे दिसते, आणि व्याकरणाचा एक तास जे सांगू शकला नसता ते त्यांना बसल्या जागी कळते. मी येथे मुद्दाम ‘दिसते’ हा शब्द वापरला आहे, कारण दुसरीतल्या पुष्कळ मुलांना लिंग हा नियम म्हणून सांगितला तर तो कोरडा वाटतो, आणि विटेच्या रूपाने समोर आला तर आपलासा वाटतो.

तयार पुस्तक मिळाले तर उत्तमच, पण असे पुस्तक वर्गाने स्वतः करावे हे अधिक चांगले. ४ मोठे कागद एकात एक घालून मधोमध दुमडले आणि घडीवर शिवले की १६ पानांचे पुस्तक होते. दोन-दोन मुलांना एकेक शब्द द्यावा. त्यांनी प्रथम दोन्ही अर्थ चालतील असे वाक्य शोधावे आणि मगच चित्र काढावे. हा क्रम उलटा झाला तर चित्र एकाच अर्थाचे होते आणि वाक्य ओढूनताणून त्याला चिकटवावे लागते. मुलांना वाक्य सापडले नाही तर क्रियापदाच्या शेवटी ‘ईल’ लावून पाहा, एवढेच सुचवावे.

‘बस’ हा शब्द कोणत्या तरी जोडीला अवश्य द्यावा. वाहन बस, ‘खाली बस’ मधला बस आणि ‘आता बस!’ मधला बस असे तीन अर्थ एका शब्दात आहेत, त्यांतला एक इंग्रजीतून आलेला आहे, आणि ‘बसथांबा’ या पाटीचे ‘बस, थांबा’ असे दोन हुकूम होतात. मुलांना शब्द तोडण्याची चव येथे प्रथम लागते. जुन्या काव्यात आजारी दमयंती ‘औषध नलगे मजला’ असे म्हणते. आई ते ‘न लगे’, म्हणजे ‘औषध नको’, असे ऐकते आणि मुलीच्या मनात असते ते ‘नल गे’, म्हणजे ‘नल हेच माझे औषध’. श्लेष, म्हणजे एकाच शब्दातून दोन अर्थ साधणारा अलंकार, शिकवताना व्याकरणाची पुस्तके हे उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या देत आली आहेत. दुसरीच्या वर्गाला ते सांगण्याची गरज नाही, पण आपण ते मनाशी ठेवावे, कारण ‘बस, थांबा’वर हसणारी मुले पुढे याच ओळीवर पोहोचायची आहेत.

एका बाबतीत मी आग्रही आहे. पुस्तक वाचून झाल्यावर ‘या शब्दाचे दोन अर्थ सांगा’ असा प्रश्न त्या दिवशी विचारू नये. ज्या पुस्तकांच्या शेवटी असा स्वाध्याय छापलेला असतो, ते पान सरळ झाकून ठेवावे. आठवडाभराने मुले स्वतःच्या बोलण्यात ती कोटी वापरतात का, याकडे कान द्यावा; मूल्यमापन आपसूक होईल.

प्रश्न ३ : माझ्या मुलीला शब्दखेळांची इंग्रजी चित्रपुस्तके फार आवडतात. तिच्या धाकट्या भावासाठी मी ती मराठीत भाषांतर करून वाचू लागलो, पण एकही विनोद उतरत नाही. माझे मराठी कमी पडते आहे का?

उत्तर : मराठी कमी पडत नाही, भाषांतराने होणारे हे कामच नव्हे. इंग्रजी लेखन उच्चारापासून पुष्कळ दूर गेलेले असल्यामुळे तेथे एकाच उच्चाराचे, पण निरनिराळ्या अक्षरांनी लिहिलेले शब्द विपुल आहेत. रात्र या अर्थाचा आणि चिलखत घातलेल्या सरदाराचा, असे दोन्ही शब्द आपण देवनागरीत ‘नाइट’ असेच लिहू. इंग्रजीत मात्र सरदाराच्या शब्दाला आरंभी एक जादा अक्षर असते, जे उच्चारले जात नाही. चित्रकाराने रात्रीच्या आभाळात चिलखती सरदार उभा केला, तर इंग्रजी वाचणारे मूल ते न उच्चारलेले अक्षर पाहून हसते. मराठीत ‘रात्र’ आणि ‘सरदार’ या शब्दांचे आपसात काहीच नाते नाही.

म्हणून पुस्तकाचे शब्द सोडून द्यावेत आणि त्याची युक्ती तेवढी उचलावी. चित्राने एक सांगावे आणि मजकुराने दुसरे, ही युक्ती कोणत्याही भाषेत चालते. आपल्या वाक्प्रचारांकडे पाहा : पोटात कावळे ओरडतात, नाकावर राग बसतो, कोणी कोणाच्या डोक्यावर बसतो. पोटाच्या खिडकीतून चोच बाहेर काढलेले दोन कावळे काढायला चित्रकार असण्याची आवश्यकता नाही. तिघांनी मिळून रविवारी एक-एक वाक्प्रचार रंगवावा, आणि बहिणीने भावाला पुस्तक वाचून दाखवावे. मोठ्या मुलाला कोटीची गोम सांगण्याची नव्हे, तर ती राखून ठेवण्याची जबाबदारी दिली, तर ते फार गंभीरपणे पार पाडते.

प्रश्न ४ : मी आजोबा आहे आणि शुद्धलेखनाबाबत कडक आहे. नातू तिसरीत आहे. या शब्दखेळांच्या पुस्तकांमुळे तो ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत फरकच करीत नाही आणि वर ‘ऐकायला सारखेच तर आहे’ असे उत्तर देतो. अशी पुस्तके मुलांचे लेखन बिघडवतात असे माझे मत झाले आहे.

उत्तर : आपल्या नातवाने भाषाशास्त्रातली एक खरी गोष्ट सांगितली आहे, हे प्रथम मान्य करावे. कानाला ते शब्द सारखेच आहेत. फरक कागदावर आहे आणि तो का जपायचा, हे त्याला अजून पटलेले नाही. नियम सांगून ते पटणार नाही. फरक न जपल्याने अर्थाचा घोटाळा झालेला त्याला दिसला पाहिजे, आणि तो दाखवायला चित्रासारखे दुसरे साधन नाही.

त्याला दोन चित्रे काढायला सांगा. पहिल्याखाली लिहा, ‘आजीने माश्यांना हाकलले’, आणि दुसऱ्याखाली, ‘आजीने माशांना हाकलले’. बोलताना बहुतेकांच्या तोंडून ही वाक्ये सारखीच येतात. पहिल्यात माशी आहे, दुसऱ्यात मासा. ‘मासा’, ‘ससा’, ‘घसा’ अशा पुल्लिंगी शब्दांच्या शेवटचा ‘सा’ सामान्यरूपात ‘शा’ होतो, ‘श्या’ होत नाही, हा नियम आपल्याला ठाऊक आहेच. आजी पंख्याने मोठमोठे मासे हाकलत आहे असे चित्र एकदा काढल्यावर त्या एका ‘य’चे मोल तो विसरेल असे मला वाटत नाही. त्याच रीतीने ‘शिर दुखते’ आणि ‘शीर दुखते’ यांचीही चित्रे करता येतील.

आपल्याकडे याहूनही चांगले साहित्य आहे, आणि ते आपल्या स्वतःच्या शाळेच्या दिवसांतले आहे. १९६२ साली नवे लेखननियम मान्य होण्यापूर्वी आपण ‘नांव’ असे अनुस्वार देऊन लिहीत असाल आणि पाण्यावरची ‘नाव’ अनुस्वाराविना. पाच ही संख्याही ‘पांच’ अशी लिहिली जाई आणि ‘पाच’ म्हणजे हिरवे रत्न. उच्चारात न येणारे अनुस्वार त्या नियमांनी गेले आणि या जोड्या लेखनातही एक झाल्या. दोन शब्दांमध्ये एक टिंब उभे होते आणि एके दिवशी ते काढून घेतले, ही गोष्ट आपण नातवाला सांगावी. शक्य असल्यास जुने पुस्तक उघडून ते टिंब त्याला प्रत्यक्ष दाखवावे. लेखनाचे नियम माणसे ठरवतात, ते बदलतात, आणि तरीही एका काळात सर्वांनी ते पाळले तर एकमेकांचे लिहिलेले नीट कळते, हे त्याच्या वयाच्या मुलाला समजू शकते. त्याच्या ‘सारखेच तर आहे’ या उत्तरावर रागावण्यापेक्षा हे उत्तर देणे आपल्याला अधिक शोभेल.

प्रश्न ५ : आमच्या वर्गात एका मुलीच्या घरी मराठी बोलली जात नाही. शब्दखेळाचे पुस्तक वाचताना सगळे हसतात आणि ती गप्प बसते. एकदा ती इतरांचे पाहून उगाच हसली, तेव्हा मुलांनी तिला चिडवले. तिला या वाचनातून वगळावे का?

उत्तर : वगळू नये. तिला न कळण्याचे कारण अगदी साधे आहे : कोटीला दोन अर्थ लागतात आणि तिच्याजवळ त्या शब्दाचा अजून एकच अर्थ आहे. म्हणून पुस्तक वाचण्याच्या आदल्या दिवशी, दुसऱ्याच कोणत्या तरी निमित्ताने, त्या पुस्तकातले दोन-तीन शब्द दोन्ही अर्थांनी तिच्या कानावर घालावेत. ‘हार’ हा शब्द खेळाच्या तासाला एकदा यावा आणि फुले ओवताना एकदा यावा. दुसऱ्या दिवशी ती इतरांबरोबरच हसेल, आणि ते हसू तिचे स्वतःचे असेल. ज्यांना कमी ऐकू येते अशा मुलांसाठीही हीच पूर्वतयारी उपयोगी पडते. त्यांच्या बाबतीत दोन्ही अर्थांची चित्रे आधी शेजारीशेजारी दाखवावीत.

चिडवण्याविषयी वर्गाला स्पष्टपणे सांगावे, विशेषतः कोणाच्या नावावर किंवा आडनावावर कोटी करायची नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून असावा. नावावरची कोटी करणाऱ्याला क्षणभर सुचते आणि ज्याचे नाव असते त्याला ती वर्षानुवर्षे पुरते.

पुढच्या आठवड्यात त्या मुलीला एक काम द्यावे. तिच्या घरच्या भाषेत ज्याचे दोन अर्थ होतात असा एक शब्द तिने घरून विचारून आणावा आणि त्याची दोन चित्रे वर्गाला दाखवावीत. शब्द कोणता हे तिने शेवटपर्यंत सांगू नये. हे दोन अर्थ एकाच शब्दात कसे मावतात, हे त्या दिवशी बाकीच्यांनी तिला विचारावे.